डेअरीचं फूड लायसन्स: एकदा एजंटकडून, एकदा स्वतः, दोन्हीचा अनुभव

छोटं दूध प्रोसेसिंग युनिट चालवणाऱ्यांसाठी आणि टाकायचा विचार करणाऱ्यांसाठी लिहितेय. मशीनचे रिव्ह्यू सगळीकडे मिळतात, पाश्चरायझर कुठला चांगला, पनीर प्रेस कुठला, पण लायसन्सबद्दल कोणी नीट सांगत नाही, सगळे म्हणतात "एजंटला द्या, तो बघतो". मी पण तेच केलं आणि दीड वर्ष चुकीचा कागद भिंतीला लावून बसले. त्यामुळे हा रिव्ह्यू दोन सर्व्हिसचा आहे असं समजा, एक आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या एका लायसन्स काढून देणाऱ्या एजंटची (नाव लिहित नाही) आणि दुसरी सरकारची स्वतःची, म्हणजे एफएसएसएआयच्या (देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) फॉसकॉस पोर्टलवरून, म्हणजे लायसन्सच्या अर्जाच्या वेबसाइटवरून, स्वतः अर्ज करून घेतलेलं स्टेट लायसन्स (राज्याकडून मिळतं ते).

आधी आमचं युनिट सांगते म्हणजे आकडे लक्षात येतील. घरच्या ११ म्हशी, बाकी आजूबाजूच्या २५-३० घरांचं दूध. १००० लिटरचा बीएमसी (बल्क मिल्क कूलर, दूध थंड ठेवायची टाकी), २०० लिटरचा बॅच पाश्चरायझर (एका वेळी एक घाणा तापवून जंतू मारणारा), पनीर, दही, चक्का, श्रीखंड, तूप. उन्हाळ्यात दूध रोज ४००-४५० लिटरवर येतं, थंडीत म्हशी व्यायल्या की ७०० च्या वर जातं. मी, माझे दीर आणि चार कामगार.

एजंट म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका, तुमचं दूध किती, ४५०? मग रजिस्ट्रेशनमध्येच बसवतो, १०० रुपयाचं काम आहे." आणि ८,५०० घेतले. खरंच १०० रुपयाचंच काम होतं ते, रजिस्ट्रेशनची, म्हणजे अगदी छोट्या धंद्यांसाठीच्या नुसत्या नोंदणीची, सरकारी फी वर्षाला १०० रुपये एवढीच होती, बाकी सगळे त्याचे. पैशाचं मला एवढं वाईट नाही वाटलं, माणूस कष्ट घेतो त्याचे घ्यावेत. वाईट याचं वाटलं की त्याने आमच्या युनिटवर पाऊलसुद्धा न टाकता अर्ज भरला. धंद्याचा प्रकार निवडला रिटेलर. म्हणजे कागदोपत्री आम्ही दूध विकणारं दुकान, पनीर बनवणारी डेअरी नाहीच. मला तेव्हा वाचताच आलं नाही तो कागद काय म्हणतोय ते, मी फक्त लोगो आणि नंबर बघितला आणि डबे छापायला टाकले.

कळलं कसं, तर एका कँटीनच्या ठेकेदाराने रोज ४० किलो पनीर मागितलं. व्यवहार पक्का झाला, भाव ठरला, मग त्याच्या खरेदीवाल्याने लायसन्सची कॉपी मागितली आणि बघितल्या बघितल्या म्हणाला हा नंबर २ ने सुरू होतोय, आम्हाला १ वाला लागतो. मला अर्थच कळला नाही. तर तो १४ आकडी नंबर असतो ना एफएसएसएआयचा, त्यात पहिला आकडा १ असेल तर लायसन्स, २ असेल तर नुसतं रजिस्ट्रेशन. त्यापुढचे दोन आकडे राज्याचे, त्यापुढचे दोन वर्षाचे. एवढं जरी मला आधी माहीत असतं तरी मी त्याच दिवशी एजंटला विचारलं असतं. तुम्ही आत्ताच तुमच्या कागदावरचा पहिला आकडा बघा आणि त्याखाली धंद्याचा प्रकार काय लिहिलाय तो पण बघा.

आता मुख्य मुद्दा, आणि माझ्या ओळखीतले निम्मे लोक इथेच चुकलेत. आम्ही काढलं २०२२ मध्ये, तेव्हाचे नियम असे: दिवसाला ५०० लिटरपर्यंत दूध घेणाऱ्याला रजिस्ट्रेशन, ५०१ ते ५०,००० लिटरपर्यंत स्टेट लायसन्स, त्याच्या वर सेंट्रल लायसन्स. पावडर वगैरेवाल्यांसाठी हाच हिशोब वर्षाच्या मिल्क सॉलिड्सवर (दुधातलं पाणी सोडून जे उरतं ते), अडीच टनापासून २,५०० टनांपर्यंत स्टेट. ऐकायला सोपं आहे. पण स्टेट लायसन्सच्या नियमात डेअरी युनिटसाठी शब्द असा होता की युनिट किती लिटर हाताळायला *सज्ज* आहे. आज सकाळी किती दूध आलं ते नाही, तुमची मशीन किती हाताळू शकते ते. माझा बीएमसी १००० चा आहे, तो काय शोभेला ठेवलाय असं कोणी म्हणणार नाही. उन्हाळ्यातलं ४५० लिटर दाखवून रजिस्ट्रेशनमध्ये "बसवणं" हे मुळातच चूक होतं. आणि दूध सोडा, रजिस्ट्रेशनसाठी वर्षाच्या उलाढालीची १२ लाखांची मर्यादा पण होती, नुसतं ते ४० किलो पनीर ३०० रुपयांनी धरलं तर रोजचे १२,००० म्हणजे १०० दिवसांत १२ लाख संपले. मग उरलेलं वर्ष आपण काय करणार? विनालायसन्स धंदा हा अन्न सुरक्षा कायद्याच्या विरुद्ध आहे, ही गोष्ट एजंट सांगत नाही, कारण कागदावर नाव आपलं असतं.

ती ऑर्डर गेली. ४,००० छापील डबे आणि झाकणं गेली, कारण नवीन लायसन्स म्हणजे नवीन नंबर. एजंटला फोन केला तर म्हणाला स्टेटचे वेगळे १५,००० पडतील. तिथे मी ठरवलं की आता स्वतः भरायचं, जे होईल ते होईल.

आमचे आबा, म्हणजे सासरे, पूर्वी एका दूध संघात होते. ते म्हणाले "आमच्या वेळी तर दिल्लीपर्यंत जायची भानगड होती". ते सांगतात तो जमाना वेगळा होता, १९९२ चा दूध व दुग्धजन्य पदार्थ आदेश, त्यात दिवसाला १०,००० लिटरच्या वरच्या प्लांटला नोंदणी लागायची आणि कुठल्या भागातलं दूध कोणी उचलायचं हे पण ठरवून दिलेलं असायचं, ते भागाचं बंधन २००२ मध्ये काढलं. मग २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आला आणि त्याचे लायसन्सचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले, तेव्हापासून दूध, लोणचं, बेकरी सगळं एकाच कायद्याखाली. मला हे चांगलं वाटतं, एक कायदा, एक पोर्टल. फॉसकॉस २०२० मध्ये आलं, आधी काही राज्यांत आणि १ नोव्हेंबरपासून सगळीकडे. महाराष्ट्रात स्टेट लायसन्स देतं अन्न व औषध प्रशासन, सहायक आयुक्त (अन्न) हे पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे लायसन्स मंजूर करणारे, असतात आणि बघायला येतात ते अन्न सुरक्षा अधिकारी.

अर्ज भरायला मला तीन संध्याकाळी लागल्या. आधी राज्य, मग धंद्याचा प्रकार. उत्पादनाखाली डेअरी युनिट, त्यात चिलिंग युनिट पण आलं, असा वेगळाच प्रकार आहे, तो घ्यायचा. जनरल मॅन्युफॅक्चरिंग घेऊ नका, रिटेलर तर मुळीच नाही. मग एक एक पदार्थ निवडायचा. हे नीट वेळ देऊन करा, कारण जो पदार्थ यादीत नाही तो बनवायची परवानगी नाही, नंतर घालायचा म्हटलं तर बदलाचा वेगळा अर्ज आणि वेगळी फी. आम्ही तेव्हा लस्सी बनवत नव्हतो तरी निवडून ठेवली, पुढच्या उन्हाळ्यात उपयोगी पडली.

फी तेव्हा ५०१ ते १०,००० लिटरवाल्याला वर्षाला ३,००० आणि १०,००१ ते ५०,००० वाल्याला ५,०००, सेंट्रलला ७,५००. एक ते पाच वर्षं असा पर्याय होता, आम्ही पाच वर्षांचे १५,००० एकदम भरले. (नियम बदलत असतात, भरण्याच्या दिवशी पोर्टलवरचा आकडा बघूनच भरा.) म्हणजे एजंट जेवढे एकट्याचे मागत होता तेवढ्यात माझी पाच वर्षांची फी झाली.

कागदपत्रांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण खरी मेहनत तिथे आहे आणि खरा फायदा पण तिथेच झाला.

जागा आबांच्या नावावर, म्हणून सातबारा, लाइट बिल आणि त्यांचं संमतिपत्र. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. हे सोपं. मग युनिटचा नकाशा, चौरस मीटरमध्ये, कुठे काय चालतं ते दाखवून. दीर आणि मी टेप घेऊन मोजायला बसलो आणि कागदावर काढताना पहिल्यांदा दिसलं की आमच्याकडे कच्च्या दुधाचे कॅन ज्या दाराने आत येतात त्याच दाराने तयार पनीर बाहेर जातं, आणि ते दार उघडतं गोठ्याकडे. रोज बघत होतो आम्ही ते, तीन वर्षं, कधी खटकलं नाही. नकाशा काढला आणि खटकलं. अर्ज तसाच ठेवला, आधी मागच्या भिंतीला दुसरं दार काढलं, २२,००० खर्च आला, मग नवीन नकाशा काढून टाकला. ह्या एका गोष्टीसाठी मी ह्या प्रक्रियेचे आभार मानते.

मशीनची यादी, प्रत्येकाची क्षमता आणि हॉर्सपॉवरसकट. दूध कुठून येतं त्याची योजना, संकलन केंद्रं कुठे कुठे आहेत ते लिहून, हे फक्त डेअरीवाल्यांना लागतं. आम्ही सगळ्या घरांची यादी केली, कोण सकाळचं देतं कोण दोन्ही वेळचं, किती वेळात आमच्यापर्यंत पोचतं. ह्यातून कळलं की एका वाडीवरचं संध्याकाळचं दूध दोन तास कॅनमध्येच असतं. उन्हाळ्यात आमचं जे दूध अधूनमधून फाटायचं ते बहुतेक हेच, कारण त्यांची वेळ बदलून घेतल्यावर प्रकार जवळजवळ थांबला.

पाण्याचा रिपोर्ट. इथे आमचा वेळ गेला. ज्या लॅबकडे बोअरचं पाणी दिलं त्यांनी फक्त रासायनिक तपासणी करून दिली, जंतूंची केलीच नाही, आणि मी न बघता अपलोड केलं. अर्जावर शंका आली, म्हणजे परत आला दुरुस्तीला. असं झालं की उत्तर द्यायला ३० दिवस असतात, त्यात दिलं नाही तर अर्ज फेटाळला जातो आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून रोज एकदा तो १७ आकडी अर्ज क्रमांक टाकून स्टेटस बघायची सवय लावा, मेसेज येईल ह्या भरवशावर राहू नका. दुसऱ्या लॅबमधून रासायनिक आणि जंतू दोन्ही करून घेतलं, सहा दिवस गेले. लॅबला देतानाच तोंडाने सांगा दोन्ही हवंय म्हणून, आणि रिपोर्ट हातात आला की दोन्ही पानं आहेत का बघा.

सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती अन्न सुरक्षा व्यवस्थापन योजनेची. नाव एवढं मोठं की ह्याच्याच जोरावर एजंट पैसे मागतात आणि कुठल्या तरी बेकरीची योजना नाव बदलून चिकटवतात (एका ओळखीच्यांच्या फाइलमध्ये खरंच ओव्हनचं तापमान लिहिलेलं होतं). मी आमच्या शब्दांत लिहिली. दूध आलं की आधी वास आणि चव, मग लॅक्टोमीटर (दुधाची घनता बघायला), फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), उकळून फाटतं का ती टेस्ट, आठवड्यातून एकदा युरिया, स्टार्च, डिटर्जंटची भेसळ आहे का ती टेस्ट. फॅट लागली नाही तर काय करतो, फाटलं तर कुठे ओततो. पाश्चरायझर ६३ अंशांवर ३० मिनिटं, कारण आमचा बॅचचा आहे, मोठ्या प्लांटमध्ये ७२ अंशांवर १५ सेकंद असतं, आणि मग लगेच ४ अंशांपर्यंत थंड. थर्मामीटर कोण बघतं, कुठल्या वहीत लिहितं, वीज गेली तर काय. चार पानं झाली. कुठलीही शंका न येता मंजूर झाली. जो माणूस रोज हे काम करतो त्याला ही योजना लिहिता येते, भाषा साधी असली तरी चालते, फक्त खरं जे करतो ते लिहायचं.

तपासणीला अन्न सुरक्षा अधिकारी आले, आधी फोन करून आले. दोन तास होते. परिशिष्ट ४ म्हणून स्वच्छतेचे नियम आहेत, त्यात भाग २ सगळ्यांना आणि भाग ३ खास दूध आणि दुधाच्या पदार्थांना, त्याप्रमाणे बघत गेले. मी ते आधी वाचून काढलं होतं त्यामुळे विचारलेलं कळत होतं. त्यांनी तीन गोष्टी काढल्या: पनीरच्या खोलीतल्या ट्यूबलाइटला कव्हर नाही, फुटली तर काच पनीरमध्ये. गटाराच्या तोंडाला जाळी नाही. आणि कामगारांची मेडिकल सर्टिफिकेट दोघांचीच आहेत, चौघांची हवीत. तिन्ही गोष्टी योग्य होत्या. आठ दिवसांत करून फोटो टाकले. एक रुपया कोणी मागितला नाही, चहा सुद्धा आग्रह केल्यावर घेतला. हे मुद्दाम लिहितेय कारण लोक भीती घालतात आणि त्या भीतीवरच एजंटांचा धंदा चालतो. सगळ्यांचा अनुभव असाच असेल असं मी म्हणणार नाही, माझा असा होता.

अर्ज पूर्ण झाल्यापासून ४१ व्या दिवशी लायसन्स मेलवर आलं. कायद्यात ६० दिवसांची मुदत आहे, आणि दोन महिन्यांत काहीच कळवलं नाही तर अर्जदाराला धंदा सुरू करता येतो अशी पण तरतूद आहे, बऱ्याच जणांना माहीत नसते.

आता जे पटलं नाही ते. ३,००० ची फी ६०० लिटरवाल्याला पण तेवढीच आणि ९,९०० लिटरवाल्याला पण तेवढीच होती, हे बरोबर नव्हतं. आणि फीपेक्षा जास्त बोचतं ते कागदांचं ओझं, ६०० लिटरच्या युनिटला जे कागद तेच ४५,००० लिटरच्या प्लांटला. त्यांच्याकडे क्वालिटीचा वेगळा माणूस असतो, इथे धार काढणारी, पनीर दाबणारी आणि फॉर्म भरणारी एकच बाई असते. ५०० ते २,००० लिटरच्या लोकांसाठी मधली एखादी सोपी पायरी असायला हवी. स्वच्छतेत सूट नको, दुधात सूट नकोच, लहान लेकरं पितात ते. पण नमुना नकाशा, नमुना योजना, मराठीत, डेअरीसाठी वेगळी, एवढं जरी प्रत्येक तालुक्याला कोणी समजावून दिलं तरी निम्मे लोक एजंटकडे जाणार नाहीत. दुसरं म्हणजे "सज्ज क्षमता" हा शब्द साध्या माणसाला कळेल असा समजावून सांगायला हवा, त्या एका शब्दापायी माझे दीड वर्ष आणि ४,००० डबे गेले.

लायसन्स मिळालं म्हणजे संपलं असं पण नाही. दर सहा महिन्यांनी पदार्थांची लॅब टेस्ट, म्हणजे पनीर असेल तर ओलावा ६० टक्क्यांच्या आत आणि कोरड्या भागात फॅट कमीत कमी ५० टक्के, त्याचा रिपोर्ट पोर्टलवर टाकायचा. वर्षाचं रिटर्न ३१ मेच्या आत, उशीर झाला तर रोजचे १०० रुपये दंड. पहिल्या वर्षी माझे नऊ दिवस गेले, ९०० भरले, आता कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवते. २०२२ पासून बिलावर पण लायसन्स नंबर टाकावा लागतो. आणि हे सगळं फक्त फूड लायसन्सचं, पॅकिंग करत असाल तर वैध मापनची (वजन-मापं बघणारं खातं) नोंदणी वेगळी, सांडपाण्यासाठी प्रदूषण मंडळाची संमती वेगळी. पनीरच्या पाण्याचं काय करता हे ते पहिलं विचारतात, आम्ही ते जनावरांना पाजतो आणि उरलेलं खड्ड्यात, त्याचं पण लिहून द्यावं लागलं.

अजून एक, शेजारपाजारच्या बायका घाबरून विचारतात म्हणून. तुम्ही सहकारी दूध संस्थेच्या सभासद असाल आणि सगळं दूध तिथेच घालत असाल तर तुम्हाला लायसन्स, रजिस्ट्रेशन काहीच लागत नाही. कोणी त्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका.

स्टार द्यायचे तर एजंटला मी एक पण देणार नाही. सरकारी प्रक्रियेला चार. एक कापला तो वरच्या फीच्या पट्ट्यासाठी आणि कागदांसाठी.

त्या कँटीनवाल्याकडे मी नवीन लायसन्स घेऊन परत गेले होते. ४० किलोची जागा भरली होती त्याची, पण दही दे म्हणाला, रोज २५ किलो, ते अजून चालू आहे. कोणाला नकाशा कसा काढायचा किंवा योजना कशी लिहायची ह्यात अडलं असेल तर विचारा, माझी चार पानं तुमच्या युनिटला चालणार नाहीत, पण कुठून सुरुवात करायची ते नक्की सांगेन, फक्त विचारताना बीएमसी किती लिटरचा आहे ते आधी लिहा.